ना धड व्हिला, ना धड बंगला: ऑकलंडमधील संक्रमणकाळातील लाकडी घराचे वारसामूल्य

उंबरठा (ऑकलंड):

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे घर गेले. ते पाडले नाही. न्यूझीलंडमध्ये लाकडी घर जमिनीतील खुंटांवरून उचलून, मधोमध कापून, रात्री रस्ते मोकळे असताना ट्रकवरून दुसऱ्या गावी नेता येते, तसे ते नेले. डोमिनियन रोडपासून चालत दहा मिनिटांवर असलेली आमची दोन्ही घरे साधारण १९१२ च्या सुमाराची. दोन्हींची ठेवण आणि पट्ट्यांची नक्षी दिसायला तंतोतंत सारखी होती, त्यामुळे ती एकाच सुताराच्या हातची असावीत असे मला नेहमी वाटत आले आहे. आता त्या जोडीतले एकच उरले आहे.

कापलेले अर्धे घर आमच्या कुंपणापलीकडे संपूर्ण एक दिवस उघडे उभे होते. भिंतीचा छेद मी हात लावून पाहिला. सर्वांत बाहेर रंगाचे जाड पापुद्रे होते, मग काउरी वृक्षाच्या, एकीवर एक चढवलेल्या आडव्या फळ्या, मग उभे खांब आणि त्यांच्यामधली रिकामी पोकळी, त्यानंतर रंधा न मारलेल्या खडबडीत फळ्या, त्यांवर बारीक खिळ्यांनी ताणून बसवलेले तागाचे तरट आणि तरटावर खळीने चिकटवलेला भिंतीचा कागद. एके ठिकाणी मी कागदाचे पाच थर मोजले. सर्वांत आतल्या थरावर तपकिरी पानांची वेल होती. शंभर वर्षे त्या खोलीत राहिलेल्या माणसांनी एकमेकांची निवड कधी खरवडून काढली नव्हती, ते तिच्यावर आपली निवड चिकटवत गेले होते.

हा धागा काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. ते घर हलवण्याआधी त्याच्याविषयी जो लेखी अभिप्राय दिला गेला, त्याचा आशय असा होता की घराची शैली संमिश्र आहे, ते व्हिला या प्रकाराचा शुद्ध नमुना नाही आणि बंगल्याचाही नाही, म्हणून त्याचे वास्तुमूल्य मर्यादित आहे. आमच्या घराबाबतही उद्या हेच वाक्य लिहिले जाईल. त्यापूर्वी त्याचे महत्त्व नेमके कशात आहे ते मला स्वतःला नीट मांडता आले पाहिजे, आणि त्यासाठी मायमराठीत विचार करावा असे वाटले.

ज्यांना इथल्या घरांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधारण १८८० ते १९१० या काळात इथे व्हिला बांधले गेले. मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, उंच छत, वर-खाली सरकणाऱ्या दोरी-वजनाच्या खिडक्या, पुढे पडवी आणि तिच्या कडेने लाकडाचे कातरलेले जाळीकाम असा त्यांचा थाट असे. त्यानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेल्या बंगल्याची चाल रुळली. त्याचे छप्पर बसके, वासे वळचणीबाहेर उघडे दिसणारे, खिडक्या बिजागरीवर उघडणाऱ्या, नक्षी जवळपास नाही आणि आत गडद लाकूड. या दोहोंच्या मधल्या, जेमतेम दहा वर्षांच्या काळात जी घरे झाली त्यांना इथे संक्रमणकालीन व्हिला म्हणतात. आमचे घर त्यांपैकी आहे.

आमच्या घरात बोळ आहे, पण तो व्हिलासारखा थेट मागच्या दारापर्यंत जात नाही. दोन तृतीयांशावर थांबून एका मोठ्या खोलीत उघडतो. दर्शनी खिडकी बिजागरीची आहे, तिच्या वर रंगीत काचांच्या लहान झडपा आहेत; बाजूच्या आणि मागच्या सर्व खिडक्या मात्र जुन्या पद्धतीच्या, दोरी-वजनाच्या. त्रिकोणी दर्शनी भागावर लाकडी कौलांची नवी तऱ्हा आहे आणि तिच्याच खाली, पडवीच्या खांबांना, जुन्या जाळीकामाची एक अरुंद पट्टी शिल्लक आहे. नवे ते रस्त्याकडे आणि जुने ते मागे, असा या घराचा हिशेब आहे. घर बांधणाऱ्याला नव्या काळाचे आहोत हे दाखवायचे होते, पण ज्या खिडक्यांशी त्याचा हात सरावलेला होता त्या त्याने मागच्या बाजूला कायम ठेवल्या. हा निर्णय व्हिलात दिसत नाही आणि बंगल्यातही दिसत नाही. तो फक्त अशा घरात दिसतो. माझ्या मते या घराचे मूल्य या सांध्यात आहे. आपली मते वाचायला आवडतील.

सुतारपक्षी (राजापूर):

ताई, आमच्याकडे पिढीजात सुतारकी आहे, म्हणून लाकडाविषयी विचारतो. काउरी म्हणजे आपल्याकडच्या कोणत्या लाकडाच्या जवळचे? सागासारखे तेलकट असते का? आणि संपूर्ण घर एकाच लाकडाचे आहे की वेगवेगळ्या? आमचे आजोबा म्हणत की घरात कोणते लाकूड कुठे वापरले ते पाहिले की त्या सालच्या बाजाराचा अंदाज येतो. फणसाचे खांब, आंब्याच्या फळ्या आणि सागाची फक्त चौकट असली, तर पैसा कुठे संपला ते समजते.

उंबरठा (ऑकलंड):

दादा, आजोबांचे हे वाक्य मला फार उपयोगी पडणार आहे.

काउरी सूचिपर्णी वर्गातले झाड आहे, सागाशी त्याचे नाते नाही. ते वाढताना खालच्या फांद्या स्वतःच गाळते, त्यामुळे सरळसोट खोडात गाठी जवळपास नसतात, आणि लांबच लांब, रुंद, निर्मळ फळी निघते. रंध्याखाली ते मऊ जाते आणि वर्षानुवर्षे वाकत नाही. हे झाड फक्त देशाच्या उत्तरेकडच्या भागात होते आणि एकोणिसाव्या शतकात त्याची बेसुमार तोड झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तोड कळसाला पोहोचली आणि नंतर माल आटत गेला. मग रीमू नावाचे लालसर, गडद लाकूड बांधकामात पुढे आले.

आमच्या घरात हे बोटाने दाखवता येते. बाहेरच्या फळ्या आणि बोळातली पांढऱ्या रंगाची दारे काउरीची आहेत. पुढच्या खोलीत भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत जे तक्ते बसवले आहेत आणि छताला ज्या तुळयांसारख्या पट्ट्या आहेत त्या गडद रोगण दिलेल्या रीमूच्या आहेत. जमिनीखालचे खुंट पुरीरीचे आहेत. ते लाकूड मातीत कुजत नाही म्हणून त्यासाठीच वापरत. म्हणजे दारातून आत शिरून दहा पावले चालले की एका जंगलाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात ओलांडली जाते. चाल बदलली म्हणून लाकूड बदलले की लाकूड संपत आले म्हणून गडद रंगाची चाल सोयीची झाली, हा प्रश्न मला सतत पडतो. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना ढकलत गेल्या असाव्यात.

आज नव्या काउरीची फळी बाजारातून सहज आणता येत नाही. उरलेल्या झाडांना मुळे कुजवणाऱ्या रोगाने ग्रासले आहे आणि अनेक ठिकाणी जंगलात जाताना बूट घासून, जंतुनाशक लावून मगच पाऊल टाकावे लागते. वायपोआच्या जंगलात ताने महुता नावाचा जो महावृक्ष आहे, त्याच्यासमोर उभे राहून आल्यानंतर मला आमच्या भिंतीत खिळा ठोकवेना. माओरी परंपरेत काउरी हा वनातला सरदार मानला जातो. घराच्या महत्त्वाविषयी लिहिताना हे लाकूड कोणाच्या भूमीतून आणि कोणत्या किमतीवर आले तेही लिहिले पाहिजे, नाहीतर ते लिखाण अर्धवट राहील.

चौकटकार (पुणे):

मी वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून आपल्या प्रश्नाकडे थोडे तांत्रिक अंगाने पाहतो.

शैली शुद्ध नाही म्हणून मूल्य कमी, हा युक्तिवाद आजच्या संवर्धनशास्त्रात टिकत नाही. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये स्वीकारलेल्या आणि नंतर अनेकदा सुधारलेल्या, वारसास्थळांच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या ‘बुरा’ सनदेने हे तत्त्व स्पष्ट केले आहे की एखाद्या स्थळावर वेगवेगळ्या काळांनी जे घातले त्या सर्वांचा मान राखावा, आणि एका काळाला उठाव देण्यासाठी दुसऱ्या काळाच्या खुणा काढायच्या असतील तर त्याला तसेच सबळ कारण हवे. तुमच्या न्यूझीलंडमधल्या संवर्धन सनदेतही, म्हणजे १९९३ च्या आणि २०१० मध्ये सुधारलेल्या इकोमॉस (वारसास्थळांच्या जतनासाठीची आंतरराष्ट्रीय परिषद) न्यूझीलंडच्या सनदेतही, याच दिशेचा विचार आहे.

पुण्यात आम्ही हीच अडचण रोज अनुभवतो. वाडा म्हटला की पहिला प्रश्न येतो, पेशवाईतला आहे का? शनिवार पेठेत किंवा सदाशिव पेठेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे असे वाडे पाहिले आहेत की ज्यांत खणांची लाकडी चौकट, कडीपाट आणि मधला चौक अगदी जुन्या वळणाचा आहे, पण रस्त्याच्या बाजूला बिडाचा कठडा, काचेची तावदाने आणि वर मंगळुरी कौले आहेत. ती कौले १८६५ मध्ये मंगळूरला बाझल मिशनने कारखाना काढल्यानंतर हळूहळू सर्वत्र पसरली. अशा वाड्याला पेशवाईचा मान मिळत नाही आणि वसाहतकालीन इमारतींच्या यादीतही तो बसत नाही. विश्रामबाग वाडा १८०७ चा, त्याचे नाव सर्वांना माहीत आहे. पण पुढच्या शंभर वर्षांत सामान्य ब्राह्मण, शिंपी, सोनार कुटुंबांनी आपले राहणीमान कसे बदलले, हे सांगणारे पुरावे त्या बिननावाच्या, मिश्र वाड्यांत आहेत, आणि तेच सर्वांत वेगाने जात आहेत.

मात्र एक सावधगिरीची सूचना करतो. संक्रमणकाळातले आहे एवढ्यानेच घर महत्त्वाचे ठरत नाही. प्रत्येक घर कशाच्या ना कशाच्या मध्ये असतेच. आपल्याला दाखवावे लागेल की या घरात बदल वाचता येतो, तो मूळ बांधणीतला आहे, नंतरच्या डागडुजीतला नाही. तुमच्या पुढच्या खिडक्या मूळच्या आहेत हे कशावरून? अनेकांनी नंतर जुन्या खिडक्या काढून नव्या बसवल्या असतील.

उंबरठा (ऑकलंड):

आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी त्यासाठी एक संपूर्ण शनिवार खर्च केला.

पुढच्या खिडकीच्या आतल्या बाजूची पट्टी एके ठिकाणी सैल होती. ती अलगद काढून मी चौकटीच्या मागे विजेरी मारली. खिडकी जर नंतर बदलली असती तर खांबांमध्ये वजने लोंबण्यासाठी लागणारी उभी पोकळ पेटी सापडली असती, किंवा ती बुजवल्याच्या खुणा दिसल्या असत्या. तशी पेटी तिथे नाही. खांब चौकटीला थेट भिडलेले आहेत. बाजूच्या खोलीत मात्र तीच पट्टी काढल्यावर पेटी आहे, दोरी आहे आणि ओतीव लोखंडाचे लांबट वजन अजून लोंबते आहे. शिवाय दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांभोवतीची नक्षीची पट्टी एकाच घडणीची आहे. त्या काळी अशा पट्ट्या वाफेवर चालणाऱ्या रंधा-गिरण्यांत तयार होत आणि सुतार त्या लांबीवर मोजून विकत घेत. तेव्हा दोन्ही खिडक्या एकाच कामात बसल्या, अशी माझी खात्री पटली आहे. चूक असल्यास अवश्य दाखवावी.

भाडेकरू (ऑकलंड):

धागा आवडला, पण मला एक विरोधी बाजू मांडायची आहे आणि ती मनापासून मांडतो आहे.

मी पत्नी आणि दोन मुलांसह अशाच एका जुन्या लाकडी घरात भाड्याने राहतो. जुलैच्या थंडीत सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूने पाणी ओघळते. धाकट्याचा खोकला तीन हिवाळे गेला नाही. तुमच्या वर्णनात भिंतीमधली जी रिकामी पोकळी आहे, ती आमच्यासाठी थंडी आहे. या शहरात घरे कमी आहेत, भाडी परवडत नाहीत, आणि शहराच्या मध्याजवळच्या, बस-रेल्वे हाताशी असलेल्या जागांवर एकेका कुटुंबाची बैठी घरे जुनी म्हणून राखली जातात. २०२१ च्या कायद्याने मोठ्या शहरांतल्या बहुतेक निवासी भूखंडांवर तीन मजल्यांपर्यंतची तीन घरे बांधण्याची वाट मोकळी करायचे ठरवले, तेव्हा वारशाच्या नावाने विरोध करणाऱ्यांत अनेक जण स्वतः घरमालक होते. जे घर शंभर वर्षांपूर्वी कामगारासाठी बांधले, ते आज कामगाराला बाहेर ठेवण्यासाठी वापरले जात असेल, तर त्याचे महत्त्व कोणासाठी आहे?

उंबरठा (ऑकलंड):

आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मुलाच्या खोकल्यापुढे खिडकीची पट्टी ही मोठी गोष्ट नाही, हे मी मान्य करते.

आपण म्हणता ते इतिहासाच्या दृष्टीनेही खरे आहे. सरकारने आधी १८९४ मध्ये शेतजमीन घेणाऱ्यांना आणि १९०६ मध्ये शहरी कामगारांना घरासाठी स्वस्त कर्ज देण्याचे कायदे केले. ऑकलंडमध्ये १९०२ मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि रूळ जसजसे दक्षिणेकडे सरकले तसतसे शेतांचे भूखंड पडत गेले. म्हणजे पगारदार माणसाला कर्ज मिळाले, ट्रामने कामावर जाता येऊ लागले आणि लहान, कमी नक्षीचे, घरातल्या बाईला एकटीने झेपेल असे घर हवे झाले. नोकर ठेवण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाच्या सोयीने तो बोळ आखूड झाला, स्वयंपाकघर पुढे आले. आमच्या घराचे सामाजिक मूल्य हेच आहे, आणि ते सांगताना आज अशी घरे कोणाला परवडतात हे लपवले तर ते सांगणे खोटे ठरेल.

म्हणून प्रत्येक संक्रमणकालीन घर राखावे अशी माझी मागणी नाही. पाडायचे किंवा हलवायचे ठरले तर तो निर्णय घर वाचून व्हावा, शैली शुद्ध नाही या एका वाक्यावर होऊ नये, एवढेच मागते. शेजारचे घर गेले त्या जागी सहा कुटुंबे राहणार आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. मला दुःख याचे आहे की ते घर जाण्याआधी कोणी त्याची मोजमापे घेतली नाहीत.

थंडीबाबत: इथे नव्या घरांना उष्णतारोधक थर सक्तीचा झाला तो १९७८ मध्ये, त्यामुळे आधीची सर्व घरे मुळात उघडी आहेत. आम्ही छतावर आणि जमिनीखाली थर घातले. त्यासाठी एकही मूळ फळी काढावी लागली नाही, कारण खुंटांवरच्या घराखाली माणूस सरपटत जाऊ शकतो. भाड्याच्या घरांना आता हे दोन्ही थर, ठरावीक क्षमतेचे तापवण्याचे साधन आणि वायुवीजन कायद्याने आवश्यक आहे. आपल्या घरमालकांनी ते केले नसेल तर आपण लेखी मागणी अवश्य करावी. पत्र लिहिण्यास मी मदत करीन, व्यक्तिगत निरोप पाठवावा.

शब्दवेडा (नाशिक):

विषयांतर होत नसेल तर एक विचारतो. बंगला हा शब्द मुळात आपल्याकडचाच ना? मग न्यूझीलंडमधल्या घराला तो अमेरिकेमार्गे कसा पोहोचला?

उंबरठा (ऑकलंड):

विषयांतर अजिबात नाही, उलट हा धागा या घराला आपल्याशी जोडतो. बंगाल प्रांतातल्या गवताने शाकारलेल्या, एकमजली, पडवीच्या घरावरून हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजांच्या कागदपत्रांत शिरला. पुढे हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या निवासाला तो लागला, १८७० च्या आसपास इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर सुट्टीच्या घरांना लागला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात मध्यमवर्गाच्या सुटसुटीत घरासाठी रूढ झाला. तिथून मासिके आणि नमुन्यांच्या पुस्तकांतून तो इथे आला.

प्रवासात अर्थ मात्र उलटा झाला. आपल्या मराठीत बंगला म्हणजे श्रीमंताचे घर. माझी आई ऑकलंडला प्रथम आली तेव्हा बंगल्यात राहता म्हणून तिला आनंद झाला होता. इथे मात्र तो साध्या माणसाच्या आवाक्यातले घर म्हणून रुजला. आणि भिंतीतले ते तरट? त्या काळी जगाला लागणारा ताग जवळजवळ सगळा बंगालात पिकत असे. तेव्हा शेजारच्या घराच्या छेदावर मी ज्या धाग्याला हात लावला तो आपल्याच बाजूच्या मातीतून आलेला होता, हे मला ट्रक गेल्यानंतर लक्षात आले.

भूकंपग्रस्त (ख्राइस्टचर्च):

एक व्यावहारिक मुद्दा जोडतो. सप्टेंबर २०१० आणि फेब्रुवारी २०११ च्या भूकंपांत आमच्या गल्लीतली लाकडी घरे हलली, वाकली, पण बहुतेक उभी राहिली; विटांची धुराडी मात्र छपरातून आत कोसळली. संक्रमणकालीन घरांत धुराडे हे शैलीचे महत्त्वाचे अंग असते, म्हणून ते राखण्याचा मोह होतो. कृपया अभियंत्याला दाखवावे. आमच्याकडे काहींनी छपरावरचा भाग हलक्या चौकटीवर पातळ विटा लावून पुन्हा उभारला आहे आणि रस्त्यावरून पाहताना घराचा चेहरा तसाच राहिला आहे. मूळ साहित्य गेले याची खंत आहे, पण खाली मुले झोपतात.

चौकटकार (पुणे):

हा निर्णय मला योग्य वाटतो, फक्त नव्या भागाची नोंद आणि तारीख आत कुठेतरी लिहून ठेवावी, म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याची फसगत होणार नाही.

उंबरठा ताई, आपण घराचे महत्त्व सांगणारे निवेदन लिहिणार असाल तर कायद्याची चौकटही पाहून घ्यावी. माझ्या वाचनाप्रमाणे न्यूझीलंडच्या २०१४ च्या वारसा कायद्यात १९०० पूर्वीच्या मानवी वावराच्या स्थळांना पुरातत्त्वीय म्हणून आपोआप संरक्षण मिळते. आपले घर त्या रेषेच्या अलीकडे पडते.

उंबरठा (ऑकलंड):

होय, बारा वर्षांनी हुकले. राष्ट्रीय वारसा यादीत नाव असले तरी त्या नावाने घर वाचत नाही. खरी ताकद शहराच्या नियोजन आराखड्यातल्या नोंदीत असते. ऑकलंडच्या आराखड्यात ऐतिहासिक, सामाजिक, माओरी संबंध, ज्ञान, तंत्र, भौतिक गुण, सौंदर्य आणि परिसर अशा निकषांवर मूल्य ठरवतात. शैलीची शुद्धता हा त्यांतला स्वतंत्र निकष नाही, हे सर्व निकष समोर ठेवून वाचल्यावर मला प्रथमच समजले आणि धीर आला.

आपल्या सर्वांच्या मदतीने निवेदनाचा पहिला परिच्छेद तयार केला आहे. मूळ इंग्रजीत द्यावा लागेल, इथे मराठीत ठेवते, सुधारणा सुचवाव्यात:

या घराची दर्शनी बाजू बंगल्याची आणि मागची बांधणी व्हिलाची असून दोन्ही एकाच वेळी, एकाच हाताने झालेल्या आहेत. काउरीपासून रीमूकडे, लांब बोळाकडून एकत्र खोलीकडे आणि सरकत्या खिडकीकडून बिजागरीच्या खिडकीकडे होणारा बदल यात मूळ साहित्यातून वाचता येतो. शेजारच्या भूखंडावरील, जोडीतले दुसरे घर हलवले गेल्यामुळे या गल्लीत तो वाचण्याजोगे हे एकच घर उरले आहे.

सुतारपक्षी (राजापूर):

ताई, एक जोडा. मागच्या खिडकीचे ते वजन आणि दोरी अजून चालते का, तेही लिहा. चालत असेल तर ते घर अजून सुताराचे ऐकते आहे.

उंबरठा (ऑकलंड):

आताच जाऊन पाहिले. चारांपैकी तीन चालतात. चौथीची दोरी तुटली आहे. खिडकीखाली लाकडी टेकू लावून ठेवला आहे. या आठवड्यात सुती दोरी आणून ती बदलते आणि जुन्या दोरीचा तुकडा कागदात गुंडाळून, तारीख घालून, त्याच पेटीत ठेवते.